नवाहो कोड टॉकर नायक असलेली दीर्घकथा: तपशिलात कुठे चुकतं?

पेनबहाद्दर

नमस्कार मंडळी,

एक दीर्घकथा लिहायला घेतली आहे. नायक अठरा वर्षांचा, नवाहो या अमेरिकेतल्या आदिवासी जमातीचा मुलगा. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ मध्ये तो अमेरिकेच्या मरीन कोअरमध्ये (समुद्रातून किनाऱ्यावर उतरून लढणारं दल) भरती होतो, कोड टॉकर (आपल्या भाषेतल्या संकेतात बिनतारीवर गुप्त संदेश देणारा) म्हणून शिकतो आणि पॅसिफिकमधल्या बेटांवर जातो. कथेचा कणा लढाई नाही, मैत्री आहे. एक मित्र त्याचा नवाहो जोडीदार, दुसरा टेक्ससचा गोरा पोरगा.

या विषयावर जे वाचायला मिळतं ते "त्यांची भाषा जपान्यांना कळली नाही आणि अमेरिका जिंकली" इथेच संपतं. माझं घोडं त्याच्या पुढे अडलंय. संदेश प्रत्यक्षात कसा जायचा, त्यात कोण काय करायचं? ग्वादलकनाल, सायपान आणि इवो जिमा या तिन्ही लढाया एकाच मुलाच्या वाट्याला देता येतील का? संकेत तयार करण्यात त्याचाही हात होता असं दाखवलं तर चालेल?

मसुद्यात सध्या असं आहे: ऐन उन्हाळ्यात, जहाजाच्या डेकवर बसून तो गोऱ्या मित्राला कायोटीची (कोल्ह्यासारखा एक रानटी प्राणी) लोककथा सांगतो. शेवटी गावी परतल्यावर शेकोटीभोवती सगळ्यांना आपलं गुप्त काम सांगतो. जाणकारांनी निर्दयपणे चिरफाड करावी.

---

बिनतारी

संदेशापासून सुरुवात करतो, कारण तुमची मैत्री तिथेच उभी राहणार आहे.

"ते नवाहोत बोलायचे" हे अर्धंच खरं. ते नवाहो शब्दांनी बनवलेल्या संकेतात बोलायचे, आणि त्या संकेताला दोन थर होते. पहिला थर ठरवून दिलेल्या शब्दांचा. लढाऊ विमान म्हणजे हमिंगबर्ड, टेहळणीचं विमान म्हणजे घुबड, बॉम्बफेकी विमान म्हणजे गिधाड, पाणबुडी म्हणजे लोखंडी मासा, युद्धनौका म्हणजे देवमासा, विनाशिका म्हणजे शार्क, रणगाडा म्हणजे कासव, हातबॉम्ब म्हणजे बटाटे, विमानातून पडणारे बॉम्ब म्हणजे अंडी. अधिकाऱ्यांचे हुद्दे त्यांच्या बिल्ल्यांवरून: मेजर जनरल म्हणजे दोन तारे, कर्नल म्हणजे चांदीचा गरुड. देशांनाही शब्द होते. जर्मनी लोखंडी टोपी, रशिया लाल सेना आणि (अवांतर) आपला हिंदुस्थान म्हणजे पांढरे कपडे. सुरुवातीला असे दोनशेच्या थोडे वर शब्द होते, युद्ध संपेपर्यंत ४११ झाले.

ज्याला शब्द ठरलेला नाही ते अक्षरं लावून सांगायचं. हा दुसरा थर. इंग्रजी स्पेलिंगमधल्या प्रत्येक अक्षरासाठी त्या अक्षरानं सुरू होणारा इंग्रजी शब्द घ्यायचा आणि त्याचा नवाहो शब्द उच्चारायचा. इवो जिमावरचा सुरिबाची डोंगर असा जायचा: दिबे, शिदा, दानेस्त्सा, त्किन, शश, वोलाची, मोआसी, लिन, येहेस. म्हणजे मेंढी, मामा, एडका, बर्फ, अस्वल, मुंगी, मांजर, घोडा, खाज. ऐकणाऱ्यानं यातला प्रत्येक शब्द मनात इंग्रजीत आणायचा, पहिलं अक्षर उचलायचं आणि कागदावर इंग्रजीत 'सुरिबाची' लिहायचं. एकदा मोठ्यानं करून बघा, म्हणजे डोक्यावर किती ताण यायचा ते समजेल.

वर दिलेल्या यादीत आणखी एक खोच आहे. त्याच नावात एकच अक्षर दोनदा आलंय, एकदा बर्फ म्हणून आणि एकदा खाज म्हणून. एका अक्षराला एकच शब्द ठेवला तर वारंवार येणारी अक्षरं मोजून शत्रू संकेत फोडू शकतो. म्हणून पुढे इंग्रजीत सगळ्यात जास्त येणाऱ्या सहा अक्षरांना आणखी दोन-दोन आणि त्यानंतरच्या सहांना आणखी एकेक शब्द दिला गेला. चांगला कोड टॉकर ते आलटून पालटून वापरायचा. घाईत सवयीचाच शब्द पुन्हा पुन्हा तोंडात येणं ही नवख्याची ठरलेली चूक. कथेत वापरायला चांगली आहे.

या दोन थरांमुळे संकेत न शिकलेल्या नवाहो माणसालाही यातलं काही लागायचं नाही. जो कियूमिया हा नवाहो सैनिक फिलिपिन्समध्ये जपान्यांच्या हाती सापडला होता. त्याच्याकडून संकेत फोडून घ्यायला त्याचे अनन्वित हाल केले. त्याला सुटे शब्द कळायचे, अर्थ लागत नव्हता. त्याला खरंच माहीत नव्हतं.

पाठांतराबद्दल: शब्दांची यादी वर्गातच राहायची. आघाडीवर कागद न्यायचा नाही. तुमचा नायक खिशातली वही काढून शब्द बघताना दिसला तर कथा तिथेच मेली.

आता यंत्र. टीबीएक्स नावाचा बिनतारी संच घ्या. तो पेट्यांमध्ये वाटून दोघंतिघं वाहून न्यायचे. ऐकायला बॅटरी पुरायची, पण बोलायचं झालं की हातानं फिरवायचा जनरेटर लागायचा. एकजण दोन्ही मुठी धरून फिरवतोय आणि दुसरा कानाला हेडफोन लावून माइकमध्ये बोलतोय, असं ते चित्र. फिरवण्याचा वेग एकसारखा हवा. दम लागून हात मंदावला की पलीकडे आवाज क्षीण होतो, शब्द गळतात, आणि मग सगळा संदेश पुन्हा. थोड्या वेळानं अदलाबदल. तुम्हाला मैत्री दाखवायचीय ना? ती संवादांत दाखवू नका. कोणाचा हात कधी दमतो हे दुसऱ्याला न बघता कळतं, एवढं दाखवा.

संदेशाचा प्रवास असा: अधिकारी इंग्रजीत लिहून देतो, बोलणारा वाचता वाचता मनातच संकेतात बदलतो, पलीकडचा ऐकता ऐकता इंग्रजीत लिहून आपल्या अधिकाऱ्याच्या हाती देतो. नवाहोत काहीच लिहिलं जात नाही. सुरुवातीला "ॲरिझोना" किंवा "न्यू मेक्सिको" अशी हाक द्यायची, म्हणजे पलीकडच्यानं समजावं की आता येणारा मजकूर नवाहोत आहे. फेब्रुवारी १९४२ च्या चाचणीत तीन ओळींचा इंग्रजी संदेश २० सेकंदांत गेला. त्या वेळच्या यंत्रानं त्याला ३० मिनिटं लागायची. सगळी योजना मंजूर झाली ती या फरकामुळे.

आणि हवेत फार वेळ राहायचं नाही. लहरींचा माग काढून जपानी तोफखाना नेम धरायचा. थोडक्यात बोलायचं, संपलं की चंबूगबाळं उचलून जागा बदलायची. संच उचलून पळणं हाही त्यांच्या दिवसाचा भाग.

---

नकाशेवाला

बिनतारी यांचा प्रतिसाद आधी छापून भिंतीवर लावा. मी फक्त तारखांचं बघतो.

१९४३ ला भरती झालेला मुलगा ग्वादलकनालच्या लढाईत असू शकत नाही. ती ऑगस्ट १९४२ ते फेब्रुवारी १९४३. तिथे पोचले ते पहिल्या तुकडीतले, म्हणजे मे १९४२ मध्ये भरती झालेल्या २९ जणांपैकी. संकेत तयार केला तोही त्या २९ जणांनी, सॅन डिएगोजवळच्या कॅम्प एलियटमध्ये. त्यातले दोघं शिकवायला मागे राहिले. तुमचा नायक त्यांच्यासारख्यांकडून कॅम्प पेंडलटनला तयार संकेत शिकणार. निर्मितीचं श्रेय त्याला देऊ नका.

दुसरं म्हणजे डिव्हिजन (हजारो सैनिकांचं मोठं दल) ठरवल्याशिवाय एकही लढाई लिहू नका. कोड टॉकर हवा तिथे उडत जात नव्हता, डिव्हिजन जाईल तिथे तो जायचा. मरीनच्या सहा डिव्हिजन होत्या.

तुमच्यासाठी चौथी डिव्हिजन बेतल्यासारखी आहे: फेब्रुवारी १९४४ मध्ये रोई-नामूर, १५ जून १९४४ ला सायपान, २४ जुलैला टिनियान, आणि १९ फेब्रुवारी १९४५ ला इवो जिमा. मधल्या काळात छावणी हवाईतल्या माउई बेटावर. मैत्रीचे निवांत प्रसंग घालायचे तर तिथे घाला. तिसरी घेतली तर बूगनव्हिल (१ नोव्हेंबर १९४३), ग्वाम (२१ जुलै १९४४) आणि इवो जिमा. गंमत म्हणजे या डिव्हिजनचा तळ ग्वादलकनालवर होता, त्यामुळे ते नाव हवंच असेल तर लढाई संपल्यानंतरचं बेट म्हणून येऊ शकतं. पहिली घेतली तर पेलेलियू (१५ सप्टेंबर १९४४) आणि ओकिनावा (१ एप्रिल १९४५), पण मग सायपान आणि इवो जिमा दोन्ही सोडा.

इवो जिमाबद्दल दोन ठिकाणी हमखास घसरायला होतं. पहिल्या दोन दिवसांत सहा कोड टॉकरनी रात्रंदिवस काम करून ८०० च्या वर संदेश बिनचूक दिले, ही प्रसिद्ध नोंद पाचव्या डिव्हिजनची आहे. तिचे सिग्नल अधिकारी मेजर हॉवर्ड कॉनर. तुमचा नायक चौथीत असेल तर तो त्या सहांत नाही. तसंच सुरिबाची घेतला तोही पाचव्या डिव्हिजननं. चौथी डिव्हिजन किनाऱ्याच्या उजव्या टोकाला, दगडखाणीच्या बाजूला उतरली होती. २३ फेब्रुवारीला डोंगरावर झेंडा चढला तेव्हा तुमचा नायक फार तर लांबून बघेल.

आणि झेंडा उभारणाऱ्यांतला आयरा हेज नवाहो नव्हता, कोड टॉकरही नव्हता. तो पिमा जमातीचा. ॲरिझोनाचा म्हणून लोक सर्रास गल्लत करतात.

---

दगडी_पाटी

घरच्या बाजूबद्दल लिहिते. कायोटीच्या गोष्टीपासूनच.

उन्हाळ्यातला तो प्रसंग काढून टाका. नवाहो परंपरेत कायोटीच्या कथा हिवाळ्यातच सांगतात, साप-अस्वलं झोपलेली असताना. पहिला गडगडाट झाला की त्या बंद. दोरीचे खेळही तसेच. परंपरेत वाढलेला मुलगा जूनमध्ये ती गोष्ट सांगणार नाही. उलट मित्रानं आग्रह धरला आणि यानं टाळलं, असं लिहिलंत तर एका ओळीत माणूस उभा राहील. हिवाळ्यातही पेच आहेच. जिथे हिवाळाच नाही अशा बेटावर जानेवारीत काय करायचं? तो पेच तुमच्या नायकाला पडू द्या.

त्याचं वय धरलं तर जन्म १९२५ च्या आसपासचा. मग दोन गोष्टी त्याच्या लहानपणात असायलाच हव्यात. एक, १९३० च्या दशकात सरकारनं चराईची जमीन झिजते म्हणून नवाहोंची मेंढरं-बकरी सक्तीनं कमी केली. कित्येक ठिकाणी जनावरं तिथल्या तिथे गोळ्या घालून मारली. ज्या घरी श्रीमंती मेंढरांवर मोजतात तिथल्या मुलानं हे पाहिलेलं असतं. दोन, सरकारी निवासी शाळा. फोर्ट डिफायन्स, शिपरॉक, फोर्ट विंगेट. तिथे नवाहो बोलल्याबद्दल मुलांचं तोंड साबणानं धुवायचे. त्याच सरकारला पुढे तीच भाषा हवी झाली. हा विरोधाभास प्रत्येक लेखक पानभर उगाळतो, तुम्ही अजिबात बोलून दाखवू नका. वाचकाला कळतं.

या शाळांची दुसरी बाजू क्वचित लिहिली जाते. शिट्टीवर उठणं, रांगेत चालणं, बराकीत झोपणं, केस कापलेले, सगळं हुकमावर. ते आधीच अंगवळणी पडलेलं असल्यामुळे मरीनच्या शिबिरातली शिस्त या मुलांना इतरांएवढी जाचली नाही. उंच पठारावर मैलोन्‌मैल चालायची सवय होतीच. अडायचं ते वेगळ्याच ठिकाणी. मोठ्यांच्या डोळ्यांत रोखून बघणं त्यांच्यात उद्धटपणा, आणि सार्जंटला तर डोळ्याला डोळा हवा. तोंडावर ओरडणंही परकं.

दोन नवाहो पहिल्यांदा भेटले की गाव विचारून थांबत नाहीत, कूळ सांगतात. आधी आईचं, मग वडिलांचं, मग आईच्या वडिलांचं, मग वडिलांच्या वडिलांचं. कुळं जुळली की नातं लागलंच: भाऊ, मामा, आजोबा. तुमच्या दोघांची मैत्री इथून सुरू होऊ द्या. एकाच कुळाचे निघाले तर ते मित्र नव्हेत, भाऊ. मग तुम्हाला 'मैत्री' वेगळी दाखवायची असेल तर कुळं वेगळी ठेवा आणि ते नातं दोघांनी कामातून कमावलं असं येऊ द्या.

निघण्यापूर्वी घरचे त्याच्यासाठी आशीर्वादाचा विधी करतील. मक्याच्या परागांची छोटी पुरचुंडी बरोबर देतील. पहाटे चिमूटभर पराग घेऊन प्रार्थना करायची. काही कुटुंबांनी मुलगा दूर असताना त्याच्या कपड्यांवर विधी केले. खंदकात पुरचुंडी भिजू नये म्हणून तो काय खटपट करतो, यावर अर्धं पान खुशाल खर्च करा.

सगळ्यात जड गोष्ट म्हणजे मृतदेह. नवाहो परंपरेत मृताचा स्पर्श, त्याची वस्तू, त्याचं नाव घेणं, सगळं टाळतात. सायपानवर, इवो जिमावर ते टाळणं अशक्य होतं. आणि गोरा मित्र किंवा जोडीदार मेला, तर त्यानंतर नायकाच्या तोंडी त्याचं नाव धडाधड घालू नका. आठवण यायची तर "तो टेक्ससचा" एवढीच.

नावांचं म्हणाल तर शाळेत मिळालेलं इंग्रजी नाव आणि बेगे, याझी, त्सोसी, बेनाली यांपैकी आडनाव घ्या. 'उडता गरुड' छापाची नावं कृपया नकोत.

---

पेनबहाद्दर

बाप रे, सोनं आहे हे. डिव्हिजन चौथी नक्की. कायोटीचा प्रसंग उलटा करतो.

दोन शंका. एका चित्रपटामुळे सगळ्यांना वाटतं की प्रत्येक कोड टॉकरवर एक गोरा पहारेकरी होता आणि पकडला जाण्याची वेळ आलीच तर त्यानं याला गोळी घालायची असा हुकूम होता. टेक्ससच्या मित्राला तो पहारेकरी करण्याचा मोह होतोय. दुसरं, आपल्याच सैनिकांनी नवाहोंना जपानी समजून पकडल्याचं वाचलं. ते कितपत खरं?

---

बिनतारी

पकडल्याचं खरं आहे, आणि एकदाच घडलेलं नाही. दिसायला आशियाई, इंग्रजी बोलण्याची ढब वेगळी आणि बाजूच्या तुकडीतल्या सैनिकांनी नवाहो माणूस कधी पाहिलेलाच नाही. पाठीला संगीन टोचून चौकीवर नेलं आणि कोणी ओळखीच्या अधिकाऱ्यानं "हा आपला आहे" म्हटल्यावर सोडलं, असे प्रसंग नोंदलेले आहेत. रात्री तर फारच वाईट. पॅसिफिकमध्ये अंधार पडला की खंदकातून हलायचं नाही, जो हलेल तो शत्रू, असा दंडक होता. त्यामुळे काही जणांना सोबती दिले गेले.

गोळी घालण्याच्या हुकमाचं प्रकरण मात्र वेगळं. बऱ्याच माजी कोड टॉकरनी आपल्याला असं काही कधी सांगितलं गेलं नाही असंच म्हटलंय. माझं मत विचाराल तर तो मोह आवरा. हुकूम आला की कथा फिरून फिरून "मारेल की नाही" याच्याभोवती घोटाळते आणि तुमची मैत्री त्याखाली चेंगरते. शिवाय नायक आपोआप ओझं होतो, ज्याचं रक्षण करायचं असं.

शत्रू समजण्याचा धोका दाखवायला सायपानचा एक प्रसंग नेहमी सांगितला जातो. जपानी मागे हटले, मरीन त्या रिकाम्या जागेत शिरले आणि मागून अमेरिकन तोफांचाच मारा सुरू झाला. यांनी बिनतारीवर ओरडून सांगितलं की हे आम्ही आहोत. मागच्यांचा विश्वास बसेना, कारण जपानी याआधी चोख इंग्रजीत खोटे संदेश द्यायचे. शेवटी मागून विचारणा झाली: तुमच्याकडे नवाहो आहे का? नवाहोत संदेश गेला आणि मारा पुढे सरकला. तुमचा मुलगा चौथ्या डिव्हिजनचा, म्हणजे तेव्हा सायपानवरच आहे. त्याच्यावर थेट बेतू नका, पण ही परिस्थिती घ्या. सकाळी ज्यांनी त्याच्यावर बंदूक रोखली त्यांचा जीव संध्याकाळी त्याच्या नऊ-दहा शब्दांवर अवलंबून, एवढं पुरे.

हाक मारायची सवय: गोरे सैनिक सरसकट सगळ्या आदिवासी सैनिकांना "चीफ" म्हणायचे. कौतुकानं म्हणोत की चिडवायला, नाव एकच. टेक्ससचा पोरगा पहिल्या दिवशी तेच म्हणेल. तो ते कधी सोडतो आणि खऱ्या नावानं केव्हा हाक मारतो, ते तुमचं तुम्ही ठरवा, पण फार लवकर नको.

---

शिलेदार_७

पहारेकरी नको तर टेक्ससवाल्याला वायरमन करा. त्याच सिग्नल कंपनीत बसतो आणि नायकाच्या सोबत असायला रोजचं कारण मिळतं.

वायरमनचं काम म्हणजे टेलिफोनच्या तारेचं रीळ घेऊन आघाडीपासून मुख्यालयापर्यंत तार अंथरत जाणं. तार जमिनीवरच पडलेली. उखळी तोफेचा गोळा पडला की तुटते, आपल्याच रणगाड्याच्या पट्ट्याखाली आली की तुटते. फोन मुका झाला की वायरमननं तार हातात धरून ती घसटत तुटलेल्या टोकापर्यंत जायचं, दुसरं टोक शोधायचं, वरचं आवरण सोलायचं, गाठ मारून पीळ द्यायचा, चिकटपट्टी गुंडाळायची आणि चाचणीचा फोन लावून बघायचं. हे सगळं माऱ्यात. दुसरं टोक लगेच सापडत नाही, कारण स्फोटानं ते कुठेतरी लांब फेकलेलं असतं.

तार तुटली की सगळा भार बिनतारीवर, म्हणजे तुमच्या नायकावर. तार जुळली की त्याला श्वास घ्यायला सवड. दोघांची कामं एकमेकांच्या उलट चालतात. एक मोकळा तेव्हा दुसरा संकटात. आणि संकेताचं काम नसेल तेव्हा कोड टॉकरही निरोप पोचवणं, तार ओढणं अशी कामं करायचेच, त्यामुळे दोघं एका रिळाला खांदा देताना दाखवलेत तर खोटं वाटणार नाही.

इवो जिमाच्या किनाऱ्यावर काळी ज्वालामुखीची राख होती. तिच्यात पाय घोट्याच्या वर रुततात. खंदक खणला की कडा ढासळून आत येतात. जड पेट्या घेऊन चढताना एक पाऊल पुढे आणि अर्धं मागे. पेलेलियूवर याच्या उलट, प्रवाळाच्या खडकात कुदळच चालत नव्हती, पण तुम्ही तिकडे जात नाही आहात.

---

दगडी_पाटी

शेवटच्या प्रकरणाबद्दल कोणी बोललं नाही, म्हणून पुन्हा आले.

शेकोटीभोवती गुप्त काम सांगणं साफ चूक. सैन्यातून मोकळं करताना त्यांना बजावलं होतं की या कामाबद्दल अवाक्षर काढायचं नाही. सैन्याला संकेत पुढेही लागू शकतो म्हणून तो गोपनीय राहिला, आणि १९६८ मध्ये त्यावरची गोपनीयता उठली. तोवर कित्येकांच्या बायकामुलांनाही माहीत नव्हतं. तुमचा नायक १९४५-४६ मध्ये घरी येतो, लोक विचारतात, आणि त्याचं उत्तर "रेडिओवर होतो" एवढंच.

परत आल्यावर खरा प्रसंग म्हणजे शत्रूच्या छायेपासून मुक्त करणारा विधी. इंग्रजीत एनिमी वे म्हणतात. युद्धात परक्यांच्या मृत्यूशी संबंध आलेल्या माणसाला झोप लागत नाही, भास होतात, अन्न जात नाही. तेव्हा घरचे जाणत्या गायकाला बोलावतात. हा विधी उन्हाळ्यात होतो, काही दिवस चालतो, विधीच्या दोन तळांमध्ये नातेवाइकांची ये-जा असते, खर्चही बराच येतो. मेंढरं कापावी लागतात आणि कळप तर आधीच कमी केलेला. त्यामुळे कुळातले सगळे हातभार लावतात. विधीची गाणी आणि आतले तपशील कथेत देऊ नका, ते बाहेर सांगायचे नसतात. बाहेर बसलेल्या धाकट्या बहिणीच्या नजरेतून लिहा: पाहुण्यांच्या गाड्या, घोडे, स्वयंपाक, सकाळी भावाचा चेहरा. तेवढं पुरतं. तोपर्यंतचे महिने त्याला कसे गेले हे मात्र टाळू नका.

सरकारी बाजूही कथेत हवी. १९२४ पासून हे लोक नागरिक होते, पण ॲरिझोना आणि न्यू मेक्सिकोत आदिवासींना मतदानाचा अडथळा दूर झाला तो १९४८ मध्ये, न्यायालयात जाऊन. यूटामध्ये त्यानंतरही बरीच वर्षं गेली. माजी सैनिकांना कायद्यानं घरासाठी कर्ज मिळायचं, पण राखीव प्रदेशातली जमीन सरकारच्या विश्वस्तीत, गहाण ठेवता येत नाही, म्हणून बँका नवाहोंना दारातून परत पाठवायच्या. टेक्ससच्या मित्राला त्याच कायद्याखाली घर मिळालं आणि याला नाही, हे एका पत्रातून आलं तर तुमची मैत्री युद्धानंतरही तपासली जाईल.

सन्मान फार उशिरा. २६ जुलै २००१ ला पहिल्या २९ जणांसाठी काँग्रेसची (अमेरिकेच्या संसदेची) सुवर्णपदकं दिली गेली. त्यातले हयात होते ते मोजकेच. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये नवाहोंची राजधानी विंडो रॉकला बाकीच्यांसाठी रौप्यपदकं. तुमचा नायक रौप्यवाल्यांत. पहिल्या २९ मधले शेवटचे चेस्टर नेझ ४ जून २०१४ ला गेले.

---

नकाशेवाला

पदकाचा समारंभ कथेत घेऊ नये असं माझं मत. सगळेच तिथे संपवतात.

एक राहिलं. नवाहोंशिवाय दुसऱ्या जमातींचेही कोड टॉकर होते. पहिल्या महायुद्धात १९१८ मध्ये फ्रान्समध्ये चोक्टॉ, दुसऱ्यात नॉर्मंडीच्या युटा किनाऱ्यावर कोमांची. म्हणून तुमच्या पात्रांच्या तोंडी "जगात पहिल्यांदाच असं घडतंय" छापाचं वाक्य घालू नका. कॅम्प पेंडलटनच्या वर्गात बसलेल्या मुलाला चोक्टॉंबद्दल माहीत असायचं कारणही नाही, तेव्हा विषयच काढायला नको.

---

पेनबहाद्दर

शेकोटी गेली, पहारेकरी गेला, ग्वादलकनाल गेलं. टेक्ससवाला आता वायरमन. बिनतारी, एकच विचारतो: एकजण बोलतोय आणि दुसरा जनरेटर फिरवतोय, तेव्हा फिरवणाऱ्याला संदेश ऐकू यायचा का?

---

बिनतारी

आपल्या माणसाचं बोलणं ऐकू येणारच, शेजारीच बसलाय. पलीकडचं उत्तर हेडफोनमध्ये, ते फक्त बोलणाऱ्यालाच. म्हणजे फिरवणाऱ्याला अर्धाच संवाद कळतो. पण त्या अर्ध्यात चुकीचा शब्द गेला तर तो लगेच पकडू शकतो, कारण पाठांतर दोघांचं सारखंच. मुठी न सोडता पायानं ढोसून सांगायचं. आणि "पुन्हा सांगा" आलं की फिरवणं थांबवायचं नाही, वेगही बदलायचा नाही, हे आधी ठरलेलं असू द्या.